सुभान तडवी कोणत्या देशाचा?

फैजपूर,
२१ ऑगस्ट १९५१

चि. अभिमन,

नऊ वर्षांनी बापाचं पत्र येतं आहे, तेही गरज पडली म्हणून. हे तू म्हणण्याआधी मीच लिहून टाकतो.

सुभान तडवीला परवा जळगावात पकडलं. तू त्याला पाहिलेलं नाहीस. सुगंधाबाईंच्या केळीच्या बागेवर रुबाब तडवी रखवालदार आहे, त्याचा हा मुलगा. सातपुड्याच्या पायथ्याला टेंभीपाडा म्हणून मुसलमान तडवी भिल्लांची पंचवीस-तीस घरं आहेत. त्या घरांतून मॅट्रिक झालेला हा पहिला. माझ्याच शाळेतून झाला. आता जळगावच्या कॉलेजात इंटर सायन्सला होता. प्रयोगशाळेत काम चालू असताना दोन पोलीस आणि एक साध्या कपड्यांतला माणूस आत आले. 'हातातली नळी ठेव आणि चल,' एवढंच म्हणाले.

बातमी कळली तशी मी पहिल्या मोटारीने जळगावला गेलो. वाटलं, पोरांची मारामारी असेल, फार तर कुणाची तक्रार असेल. फौजदार म्हणाला, 'मास्तर, तो परदेशी आहे.'

'कोणत्या देशाचा?'

'पाकिस्तानचा.'

मी हसलो. अभिमन, मला खरोखर हसू आलं. फौजदार हसला नाही. त्याच्या टेबलाची कड धरून मी उभा राहिलो.

हकीकत अशी. १९४६ च्या जूनमध्ये मीच त्याला शिष्यवृत्ती मिळवून दिली आणि कराचीला इंजिनिअरिंगच्या डिप्लोमाला पाठवलं. तेव्हा कराची म्हणजे मुंबईहून बोटीत बसलं की येणारं एक गाव, एवढंच होतं. पुढल्या वर्षी देशाचे दोन झाले आणि हा तिकडे वसतिगृहात. १९४९ मध्ये आई अंथरुणाला खिळली म्हणून दोन महिन्यांचं परमिट काढून आला. आल्या आल्या कायम राहण्याचा अर्ज केला. उत्तर आलं नाही. उत्तर येत नाही म्हणजे हरकत नाही, असं आम्ही सगळे धरून चाललो. डिप्लोमा अर्धा राहिला तो राहिला, पुन्हा पहिल्यापासून शिकू म्हणून त्याने जळगावला नाव घातलं. आता हुकूम निघाला आहे की त्याला सरहद्दीपलीकडे नेऊन सोडायचं.

जळगावच्या तुरुंगात जागा नाही म्हणून काल त्याला धुळ्याला हलवलं. तू तिथे वकिली करतोस. त्याला एकदा भेट. फीचं मी बघतो.

पोलिसांनी शाळेकडेही चौकशी केली होती. शाळेने नियमाप्रमाणे उत्तर दिलं.

घरी सगळे बरे आहेत.

जीवराम


फैजपूर,
३ सप्टेंबर १९५१

चि. अभिमन,

तुझं कार्ड मिळालं. चारच ओळी आहेत, पण सगळं कळलं. धुळ्याचं कोर्ट याला चालणार नाही, मुंबईच्या हायकोर्टात अर्ज करावा लागेल, बॅरिस्टर लागेल, आणि सगळं मिळून दीड हजाराच्या खाली भागणार नाही. तुझी स्वतःची फी तू लिहिली नाहीस. ती सोडतो असंही लिहिलं नाहीस. मी विचारत नाही.

मला वर्गणी मागता येत नाही हे तुला ठाऊक आहे. शाळेच्या इमारतीच्या वेळीसुद्धा मी फक्त पावत्या लिहीत बसायचो. या वेळी पावत्या लिहायला दुसरं कुणी नाही आणि मागायलाही नाही, म्हणून दोन्ही मीच करतो आहे.

पहिल्यांदा तोतारामशेठकडे गेलो. ते आता आमच्या शाळेच्या मंडळाचे अध्यक्ष आहेत, सावद्याच्या स्टेशनातून त्यांच्या केळीने भरलेल्या रेल्वेच्या वाघिणी दिल्लीपर्यंत जातात. शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, 'मास्तर, फाळणीत लोक घरंदारं, लेकीबाळी गमावून आले. तुम्ही वर्गणी कोणासाठी मागून राह्यले?'

'आपल्या शाळेच्या मुलासाठी.'

'तो आपला राह्यला नाही. सरकारनं लिहून दिलं ना तसं?'

मी उठलो. सरकारने लिहिलेलं खरं मानायचं, हेच मी तीस-बत्तीस वर्षं शिकवत आलो.

तिथून बागेत गेलो. सुगंधाबाई घडांवर पानं बांधून घेत होत्या. त्यांनी काम थांबवलं नाही. 'मी पाकिस्तानले काही देत नाही, मास्तर,' त्या म्हणाल्या. मी वळलोच होतो. 'थांबा. मी रुबाबच्या पोराले देते. त्याच्या बापानं माझी बाग बारा वर्सं राखली, एक घड इकडचा तिकडं झाला नाही.' घरात गेल्या आणि हातातल्या चांदीच्या पाटल्या काढून घेऊन आल्या. मी म्हटलं, पाटल्या नकोत, रोख द्या. 'रोख वाघिणी गेल्यावर येते. तुमच्या पोराले तंवर थांबवतील का ते?'

काल जळगावला मुलांकडे गेलो. कॉलेजातल्या वर्गबंधूंनी खानावळीचे पैसे काढून दिले. बाहेर पडलो तर रस्त्याच्या कडेला सिंधी निर्वासितांची कापडाची दुकानं मांडलेली. तिथे मी थांबणार नव्हतो. ज्यांना तिकडून हाकललं त्यांच्यापुढे कोणत्या तोंडाने हात पसरायचा? पण एका मुलाने त्यांच्यातल्या एकाला आधीच सांगून ठेवलं होतं. टहलराम नावाचा साठीचा माणूस. त्याने मला हाक मारून स्टुलावर बसवलं आणि सुभानचं कराचीतलं कॉलेज कोणतं ते विचारलं. मी नाव सांगितलं. त्याच रस्त्यावर त्याचं घर होतं म्हणे, वर गच्ची होती.

मग म्हणाला, 'मास्टरजी, मुझे वहाँ से निकाला. अब इसको यहाँ से निकालते हैं. हम दोनों का टिकट काटता कौन है?'

त्याने गल्ल्यातून काढून दिलं ते मी मोजलं नाही. रुमालात बांधलं आणि स्टेशनपर्यंत मान वर केली नाही.

आज बाजाराचा दिवस. सुभानची आई जैनाबाई पाड्यावरच्या सात-आठ बायकांना घेऊन उतरली. चारोळी, डिंक आणि मध विकून आलेले सगळे पैसे त्यांनी शाळेच्या ओट्यावर ठेवले. जैनाबाई अजून अशक्त आहे. भिंतीला टेकून बसली आणि मला विचारलं, 'गुरुजी, पाकिस्तान कोनता तालुकामा शे?'

भिंतीवर हिंदुस्थानचा नकाशा होता. जुना, फाळणीआधीचा. त्यावर मी तिला काय दाखवणार?

'मना सुभान तठे काय कराले जाई?' ती म्हणाली. 'तठे आपलं कोन शे?'

जीवराम


फैजपूर,
१७ सप्टेंबर १९५१

चि. अभिमन,

परवा धुळ्याला येऊन गेलो हे तुला कळलंच असेल. जैनाबाई तुझ्याकडे जेवली. मी वर आलो नाही. तुझ्या घरासमोर टांगा उभा करून त्यात बसून राहिलो. तुझी बायको खिडकीत दोनदा येऊन गेली. तिने हाक मारली नाही ते बरं केलं. मारली असती तर मी काय केलं असतं, मला सांगता येत नाही.

तुरुंगातलं लिहितो. तू त्याला वकील म्हणून भेटतोस, तुला हे दिसणार नाही.

आत सोडण्याआधी कारकुनाने वही पुढे केली. कैद्याचं नाव, बापाचं नाव, वय. पुढच्या रकान्यात राष्ट्रीयत्व. तिथे स्वच्छ, वळणदार अक्षरात 'पाकिस्तानी' लिहिलेलं होतं. त्याखाली भेटायला आलेल्याचं नाव आणि नातं लिहायचं. जैनाबाईला सही येत नाही, तिचा अंगठा घेतला. कारकुनाने तोंडाने म्हणत म्हणत लिहिलं, 'आई. राहणार टेंभीपाडा, तालुका यावल.' आई यावल तालुक्याची आणि मुलगा पाकिस्तानचा. एकाच पानावर, एकाखाली एक. कारकुनाला त्यात काही वावगं वाटलं नाही. त्याने शाई टिपली आणि पान उलटलं.

सुभान जाळीपलीकडे आला. वाळला आहे. तिने ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी नेल्या होत्या, त्या आत जाऊ दिल्या नाहीत. तो आईशी तडव्यांच्या बोलीत काहीतरी बोलला, ती मान हलवत राहिली. मग माझ्याकडे वळला. मला वाटलं रडेल, चिडेल. त्याने विचारलं, 'सर, माझी प्रॅक्टिकलं बुडतात. पुन्हा करू देतील का?'

मी म्हटलं, देतील.

'आणि सर, कॉलेजच्या हजेरीत मला गैरहजर लावत असतील ना? त्यांना सांगा, मी आपणहून गैरहजर नाही.'

मी सांगतो म्हटलं. तुझ्या कागदांत याचा काही उपयोग नाही, तरी लिहितो. परतीला जैनाबाई चाळीसगावपर्यंत भाकरींचं फडकं मांडीवर घेऊन बसली होती. त्या भाकरी तिने गाडीतल्या एका भिकाऱ्याला दिल्या.

जमलेली रक्कम मनीऑर्डरने पाठवली आहे. उरलेलीही होईल. सुगंधाबाईंच्या पाटल्या मोडाव्या लागल्या.

जीवराम


फैजपूर,
२४ सप्टेंबर १९५१

अभिमन,

तुझं पत्र सकाळी आलं. वाचलं, मग शाळा सुटेपर्यंत खिशात होतं. आता उत्तर लिहितो.

होय. ते पत्र माझंच आहे. खालची सही माझी, शिक्का शाळेचा.

'शाळेने उत्तर दिलं' असं मी तुला लिहिलं होतं. शाळा कशी लिहील? मीच लिहिलं. जुलैत जळगावहून छापील कागद आला. सदर विद्यार्थी हिंदुस्थानातून पाकिस्तानात शेवटचा केव्हा गेला, असा प्रश्न होता. मी जन्मात सरकारी कागदावर खोटं लिहिलेलं नाही. मे १९४७ मध्ये तो सुटीला घरी आला होता आणि जूनमध्ये परत गेला, हे मला पक्कं आठवत होतं. म्हणून मी एक ओळ लिहिली. 'जून १९४७ मध्ये कराचीस गेला.' आपण प्रश्नाला नेमकं उत्तर दिलं याचा मला आनंदही झाला.

तू लिहितोस की १ मार्च १९४७ ही तारीख घटनेतच आहे. त्यानंतर जो तिकडे कायमचा गेला, त्याचं नागरिकत्व गेलं. त्याआधी गेलेल्याला ते लागू नाही. म्हणजे १९४६ मध्ये गेलेला हा मुलगा माझ्या एका ओळीने १९४७ मध्ये गेलेला ठरला. अभिमन, मी ती तारीख आज पहिल्यांदा वाचली.  वर्गात फळ्यावर काय लिहिलं ते मुलांनी मला विचारलं, मला वाचता येईना.

एक गोष्ट अजून आहे. ती तुला कोणत्याच कागदात सापडली नसती.

त्या मे महिन्यात सुभान परत जायला तयार नव्हता. माझ्याकडे आला होता. 'सर, तिकडचं वारं बरं नाही. वसतिगृहातली निम्मी मुलं गेली. मी इथंच काही बघतो,' म्हणाला. मी त्याला उभं केलं आणि झाडलं. शिष्यवृत्ती म्हणजे काय गंमत आहे का, तुझ्यामागून पाड्यावरच्या कोणाला पुन्हा कोणी शिष्यवृत्ती देईल का, असं बरंच काही. तो ऐकत राहिला. मी स्वतः भुसावळपर्यंत गेलो, तिकीट काढून त्याला गाडीत बसवून दिलं. गाडी हलली तरी त्याने खिडकीतून हात केला नाही. मला तो उर्मटपणा वाटला होता.

तुझ्या लग्नालाही मी असाच नियम दाखवला. परजातीत लग्न म्हणून मी आलो नाही आणि तुझ्या आईलाही येऊ दिलं नाही. ती तुझ्या आत्याजवळ, मंदाबाईजवळ, रडायची, मला कळायचं. ती तुला न भेटता गेली. त्यावर मी आज काही बोलत नाही, बोलायला तोंड नाही.

मला एवढंच सांग, आता मी काय करू?

जीवराम


फैजपूर,
७ ऑक्टोबर १९५१

चि. अभिमन,

प्रतिज्ञापत्र सही करून सोबत पाठवलं आहे. तू सांगितलंस तसंच, काहीही न वगळता. तो १९४६ मध्ये शिकायला गेला. १९४७ मध्ये सुटीवर आला आणि स्वतःच्या इच्छेविरुद्ध, माझ्या सक्तीने परत गेला. वसतिगृहात परत जाणं म्हणजे देश सोडणं नव्हे. मी पोलिसांना दिलेलं उत्तर खरं होतं, पण अपुरं होतं आणि त्यातून निघणारा अर्थ चुकीचा आहे. हे शेवटचं वाक्य तुझं आहे. मी ते चार वेळा वाचलं आणि मग सही केली.

मंडळाची सभा काल झाली. तोतारामशेठना प्रतिज्ञापत्राचं आधीच कळलं होतं. ते म्हणाले, 'हेडमास्तरनं शाळेच्या शिक्क्यानं एक लिहायचं अन् कोर्टात दुसरं सांगायचं? उद्या आपल्या शाळेचा दाखला कोण मानील? तुमच्या पेन्शनीले चौदा महिने राह्यले, मास्तर. कागद परत घ्या.'

मी म्हटलं, 'कागद धुळ्याला गेला.'

तेव्हा तो गेला नव्हता, माझ्या कोटाच्या खिशात होता. एवढं खोटं मी सभेत सगळ्यांसमोर बोललो. सभा संपल्याबरोबर टपालात टाकायला गेलो तर खिडकी बंद झालेली, म्हणून आज टाकतो.

मला कामावरून दूर केलं आहे. चौकशी होईल म्हणतात. मंदाबाईला सांगितलं तर तिने विचारलं, 'त्या पोराची तारीख कधीची आहे?' तिला माझं काही विचारावंसं वाटलं नाही. बरं वाटलं.

मुंबईला केव्हा जातोस? हुकूम बजावायचा दिवस कोणता हे तुरुंगात कोणी सांगत नाही, असं तू लिहिलंस. असं कसं असेल? फाशीच्या कैद्यालासुद्धा सांगतात.

जीवराम


धुळे,
१८ ऑक्टोबर १९५१

चि. अभिमन,

तुझ्या घरून लिहितो आहे. मुंबईच्या पत्त्यावर हे उद्या तरी मिळेल की नाही कोण जाणे. तार वेगळी केली आहे.

त्याला नेलं.

मी आज सकाळी आलो. तू मुंबईत असताना इथे आपलं माणूस असावं म्हणून आलो होतो. तुरुंगाच्या दारावर शिपाई म्हणाला, 'तडवी ना? कालच चलान होऊन गेला.' मी विचारलं, कुठे? 'वर' म्हणाला आणि हात उत्तरेकडे केला. कोणती गाडी, बरोबर कोण, कोणत्या सरहद्दीला, काही नाही. वहीत त्याच्या नावावर आडवी रेघ मारलेली होती.

मी तिथेच पायरीवर बसलो. नंतर काय झालं ते मला नीट आठवत नाही. शिपायाने पाणी आणून दिलं. त्यानेच विचारलं असावं की तुमचं इथे कोणी आहे का, आणि मी तुझं नाव सांगितलं असावं. तुझी कमल धावत आली. पायात चप्पल नव्हती. मला टांग्यात घातलं आणि तसाच टांगा तार ऑफिसला नेला. तारेचा मजकूर तिनेच लिहिला. तेवढ्यात तुझी तार आली की आज अकरा वाजता कोर्टाने मनाईहुकूम दिला. एका दिवसाने, अभिमन. फक्त एका दिवसाने.

कमल म्हणाली, 'नाना, सरहद्द इतकी जवळ नाही. गाडीत असेल अजून.' मग ती कलेक्टर कचेरीत गेली, पोलीस कचेरीत गेली, पुन्हा तार ऑफिसात गेली. मनाईहुकूम झाला आहे, त्याला खाली उतरवा, असं वाटेतल्या मोठ्या स्टेशनांना कळवा म्हणून तिने प्रत्येकाला सांगितलं. एका साहेबाने विचारलं, बाई, तुमचं आणि त्याचं नातं काय? ती म्हणाली, 'ते नंतर लिहा. आधी तार करा.'

आता ती स्वयंपाकघरात आहे. मला चहा दिला. मी घेतला. जेवायला बसा म्हणते आहे.

जैनाबाईला काय सांगू?

जीवराम


फैजपूर,
६ नोव्हेंबर १९५१

चि. अभिमन,

तू सुभानला काल जामिनावर सोडवून भुसावळला माझ्या हवाली केलंस. फलाटावर तुझ्याशी नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितो.

मोटारीत तो थोडं बोलला. मारवाडात कुठल्याशा जंक्शनवर त्याला उतरवून घेतलं. तिथे चौकीत नऊ दिवस ठेवलं, कारण वरून आलेला हुकूम आणि मुंबईहून आलेली तार, यांतलं कोणतं मानायचं हे त्यांना ठरवता येईना. त्याच्याबरोबर गाडीत अजून अकरा जण होते. एक म्हातारा सोनगीरचा होता, विणकर. त्याच्यासाठी कोणी तार केली नव्हती. तो पुढे गेला. जाताना त्याने सुभानला आपली घोंगडी दिली, 'तिकडं मला कोणीतरी देईल,' म्हणाला. तीच घोंगडी सुभानच्या अंगावर होती.

मी विचारलं, 'त्याचं नाव काय?' सुभानला ठाऊक नव्हतं. गाडीत एवढा वेळ शेजारी बसून मी नाव विचारलं नाही म्हणून पस्तावतो, म्हणाला.

आपण एका मुलासाठी एवढं केलं, म्हणून मला मनातून थोडा अभिमान वाटायला लागला होता. तो त्या मोटारीत उतरला.

रुबाब रस्त्यावर येऊन उभा होता. मुलाला जवळ घेतलं नाही, नुसता त्याच्या दंडाला हात लावून बघत राहिला. बाजारातली भाजी ताजी आहे का बघतात, तसा.

जीवराम


फैजपूर,
९ मार्च १९५२

चि. अभिमन, चि. सौ. कमल,

दोघांना मिळून लिहितो.

निकालाची शिक्क्याची नक्कल पोचली. मी ती मोठ्याने वाचली, मंदाबाई ऐकत होती. 'अर्जदार शिक्षणासाठी गेला होता, त्याने देश सोडलेला नाही, तो भारताचा नागरिक आहे.' बॅरिस्टरांचे आभार मानून पत्र लिहिलं आहे. टहलरामला जाऊन सांगितलं, त्याने दुकानातल्या सगळ्यांना चहा पाजला. सुगंधाबाईंना सांगितलं. 'मंग मी काय सांगत होती?' म्हणाल्या. तोतारामशेठ बाजारात भेटले, त्यांनी नमस्कार केला, मीही केला. माझ्या चौकशीचं अजून काही कळलेलं नाही. मी विचारायला गेलो नाही.

काल नक्कल घेऊन टेंभीपाड्याला गेलो. फैजपूरहून निम्मी वाट बैलगाडी मिळाली, पुढे चाललो. मोहाची फुलं पडायला लागली आहेत. सगळा पाडा झाडांखाली होता. सुभानही होता, टोपली घेऊन, बापाशेजारी. त्याचा थोरला भाऊ झाडावर होता.

मी त्याला म्हटलं, 'जूनमध्ये कॉलेज उघडेल. मी प्राचार्यांशी बोललो आहे, वर्ष धरतील. प्रॅक्टिकलंसुद्धा करू देतील.'

तो फुलं वेचत राहिला. मग म्हणाला, 'मी जाणार नाही, सर.'

मला वाटलं, थकला आहे. मी समजावू लागलो. शिक्षणाचं, पाड्याचं, पुढच्या मुलांचं. बोलता बोलता लक्षात आलं की १९४७ च्या मेमध्ये मी हेच सगळं बोललो होतो, जवळजवळ याच शब्दांत. मी थांबलो.

थोरल्या भावाकडे बोट करून तो म्हणाला, 'सर, तो शाळेत गेला नाही. त्याला आजवर कोणी विचारलं का, तू कोणत्या देशाचा? त्याचं नाव कुठल्या वहीत नाही. माझं सगळीकडं आहे. शाळेत, वसतिगृहात, परमिटात, तुरुंगात. जिथं जिथं लिहिलं, तिथून मला धरून नेता आलं.'

'पण आता कोर्टाने लिहून दिलं आहे,' मी म्हटलं आणि नक्कल काढून त्याच्या हातात दिली. 'हे जपून ठेव. यात तू हिंदुस्थानचा आहेस असं स्पष्ट म्हटलं आहे.'

त्याने हात पुसले. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली, माझ्या सहीचा उल्लेख आला तिथे थोडा थांबला. मग विचारलं, 'सर, माझ्या बापाकडं असा कागद आहे का?'

'नाही.'

'आईकडं?'

'नाही.'

'मग ते कोण आहेत?'

अभिमन, मी बत्तीस वर्षं मास्तरकी केली. वर्गातल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलं. काल त्या झाडाखाली मी वाकून त्याच्या टोपलीत फुलं टाकू लागलो.

त्याने कागद नीट घडी करून मला परत दिला. रागाने नाही. 'तुमच्याकडं असू द्या. घरात उंदीर आहेत,' म्हणाला. जैनाबाईने मला मोहाची फुलं भाजून दिली आणि वाटेला लावताना सांगितलं, 'गुरुजी, तुमीन चालत उनात. आते गाडीवर जा.' त्याने मला रस्त्यापर्यंत सोडलं. वाटेत कोणतं पाखरू कोणतं ते दाखवत होता, ओढ्याला पाणी किती दिवस टिकेल ते सांगत होता. हे सगळं त्याला येतं हे मला ठाऊकच नव्हतं. पाच वर्षं तो माझ्या वर्गात होता.

रस्त्याला लागल्यावर मी म्हटलं, 'सुभान, माझं चुकलं.'

'हो सर,' तो म्हणाला, आणि बैलगाडीवाल्याला हाक मारली.

माझी तब्येत ठीक आहे, तरी वय झालं. ही नक्कल मी रजिस्टर टपालाने तुमच्याकडे पाठवतो आहे. आज ना उद्या त्याला ती लागेल. सरकारला नाही तर कोणाला तरी दाखवावीच लागेल, एवढं मला आता कळलं आहे. त्या दिवशी तो माझ्याकडे येणार नाही. तुमच्याकडे येईल. कमल, तो आला तर त्याला काही विचारू नकोस. नुसता कागद दे, आणि जेवू घाल.

तुमचा,
नाना